फळ्याखालची ओळ

शालनआक्का रोज सकाळी गिरणीचा पट्टा चढवायच्या आधी दारातल्या फळ्यापुढं उभी राहायची, काल स्वतःच लिहिलेलं मोठ्यांदा वाचायची आणि मग ओल्या फडक्यानं सगळं पुसून टाकायची. ऐकायला कुणी असो, नसो. कधी समोर दोन बाया दळणाचे डबे घेऊन उभ्या असायच्या, कधी नुसती दारातली म्हैस. मी एकदा विचारलं, पुसायचंच आहे तर वाचायचं कशाला? तर म्हणाली, "काल लिवलेलं आज तोंडानं म्हणाय जमतंय का ते बघती. ज्या दिशी जीभ अडंल त्या दिशी समजायचं, काल हात घसरला." एवढं बोलून ती आत गेली आणि गिरणीची घरघर सुरू झाली.

आमचं गाव फलटणच्या अलीकडं, कालव्याच्या कडेला. आक्काचा नवरा सैन्यात हवालदार होता. त्याच्याबरोबर ती कुठल्या कुठल्या छावण्यांत राहून आली होती, त्यामुळं तिच्या बोलण्यात आमच्या 'लय' आणि 'न्हाई'च्या मधे ड्युटी, रिपोर्ट, जवाब असले शब्द डाळीतल्या खड्यासारखे निघायचे. नवरा गेल्यावर तिनं घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरण घातली. गिरणीला थ्री फेज लाईट लागायची, ती या आठवड्यात दिवसा तर पुढच्या आठवड्यात रात्री. बायांचे हेलपाटे व्हायचे. म्हणून तिनं शाळेतला टाकून दिलेला एक फळा आणून दारात टांगला आणि त्यावर लिहायला लागली, "आज लाईट दहा ते सहा."

या ओळीखाली दुसरी ओळ कधी आली ते कुणाला आठवत नाही. नळाला तीन दिवस पाणी नाही. गटाराचं झाकण गेलंय, पोरं संभाळा. अमक्याच्या घरी मयत, दहाला उचलणार. मग हळूहळू त्या ओळीला धार आली. ग्रामपंचायतीचा दिवा दिवसा जळतो आणि अंधार पडल्यावर झोपतो, असं तिनं लिहिलं त्या दिवशी सरपंच चार वेळा फळ्यावरून गेले आणि पाचव्यांदा वायरमनला घेऊन आले. प्रत्येक मजकुराखाली सही ठरलेली: "शालन, गिरण." तिचं म्हणणं, "सही न्हाई ते लिवणं न्हाई. ते भिताडावर थुकणं."

एकदा तिनं लिहिलं की गुरुजी दोन दिवस शाळेत आलेच नाहीत. गुरुजींची बहीण वारली होती आणि ते रीतसर रजेवर होते. कळलं तेव्हा आक्कानं फळा पुसला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, "काल मी चुकले. गुरुजी रजेवर आहेत. शालन, गिरण." रोज पुसणाऱ्या बाईनं ती ओळ तीन दिवस ठेवली. लाईटची वेळ त्या तीन दिवसांत दारावर खडूनं लिहिली, पण फळ्याला फडकं लावलं नाही.

आता माझ्याबद्दल. मी जन्माचा भित्रा. कुत्रं अंगावर आलं तर आधी मी पळायचो, मग बघायचो की ते बांधलेलं आहे. पण हातात मोबाइल आला की माझ्या अंगात कुठलं वारं शिरायचं कोण जाणे. आक्काच्या फळ्याचा रोज फोटो काढायचा आणि गावच्या ग्रुपवर टाकायचा, हे काम मी आपणहून घेतलं होतं. ग्रुपवर दीडशे माणसं. फोटोखाली मी माझी एक ओळ घालायचो, लोक हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावायचे आणि मी दिवसभर फुगून हिंडायचो. आक्काकडं साधा फोन होता, त्यामुळं खाली मी काय लिहितो ते तिला माहीत नव्हतं. त्याच सुमारास वनरक्षकाच्या भरतीत माझं नाव यादीत लागलं होतं. घरात तीन पिढ्यांत पहिली सरकारी नोकरी. फक्त पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा कागद यायचा राहिला होता आणि तो आमच्या गावच्या चौकीतून जायचा होता.

असं सगळं गोमटं चाललेलं असताना एका सकाळी ललिता दळण घेऊन आली. वरच्या आळीला राहायची. डबा डाव्या हातात, उजवा हात कोपरापासून सुजून टम्म. दिरानं घरात शिरून मारलं होतं. आदल्या दिवशी ती चौकीत गेली. नवीन आलेल्या फौजदार साहेबांनी तिला अकरापासून चारपर्यंत बाकावर बसवलं आणि घरातलं भांडण घरात मिटवा म्हणून परत पाठवलं. तक्रार लिहूनच घेतली नाही. आक्कानं ते सगळं दोनदा विचारून घेतलं, वेळ कुठली, बसवलं कुणी, म्हणाले काय. दळण करून दिलं. ललिताला विचारलं, तुझं नाव घालू का? ती नको म्हणाली. मग आक्कानं खडू घेतला.

"काल एक बाई मार खाऊन चौकीत गेली. अकरा ते चार बसवून तक्रार न लिहिता परत पाठवली. तक्रार लिहून घेणं हे चौकीचं काम आहे. साहेबांनी आपलं काम करावं. कागद संपले असतील तर गिरणीतून न्यावेत. शालन, गिरण."

मी फोटो काढला. अंगात वारं शिरलं. खाली मी जी ओळ घातली ती इथं परत लिहीत नाही, लाज वाटते. एवढंच सांगतो की त्यात साहेबांची आई काढली होती. हसरे चेहरे नेहमीपेक्षा जास्त आले. दुपारपर्यंत तो फोटो आमच्या ग्रुपमधून निघून तालुक्यातल्या कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरला. पुढं पाठवताना पाठवणाऱ्याचं नाव गळून पडतं, फोटो आणि ओळ मात्र राहते. फोटोत फळा, फळ्यावर आक्काची सही आणि खाली आईवरची शिवी. बघणाऱ्याला वाटणार, सगळं एकाच हातचं.

चारच्या सुमाराला चौकीची गाडी गिरणीपुढं थांबली. मी समोरच्या टपरीवर चहा पीत होतो. दोन पोलिसांनी खिळ्यावरून फळा उतरवला, अंगाला खडू लागू नये म्हणून लांब धरून गाडीत घातला आणि आक्काला सांगितलं, उद्या दहाला हजर व्हायचं. माझ्या हातातला कप कसा खाली ठेवला ते मला आठवत नाही. घरी आलो, आतली कडी लावली आणि ग्रुप उघडून ती ओळ पुसायला गेलो. घाई इतकी झाली होती की 'सगळ्यांसाठी पुसा' याच्याऐवजी 'फक्त माझ्यासाठी पुसा' दाबलं गेलं. माझ्या फोनवरून ओळ गेली. बाकी दीडशे फोनांवर माझ्या नावासकट तशीच. आणि जी माझ्याच फोनवर उरली नाही ती आता सगळ्यांच्या फोनवरून पुसणार कशी? कुणाला सांगावं की बाबा, तुझ्याकडची पुसून टाक, तर त्याच्या ध्यानात नसेल ते आपणच आणून दिल्यासारखं. मग घाबरून मी फळ्याचे आजवरचे सगळे फोटो पुसले. दोन वर्षांचे. एक ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का चौकीला निघाली. आमच्या दारावरून जाताना थांबली. आई आत चुलीपाशी होती. फोटोखाली काय होतं ते आक्काला रात्रीतून कुणीतरी वाचून दाखवलं होतं, आणि ग्रुपवर फोटो कोण टाकतो ते तिला ठाऊकच होतं. मला वाटलं, आता ओरडणार. ती ओरडली नाही. बारीक आवाजात म्हणाली, "तक्रार कुणी घेतली न्हाई? सायबानं. मग त्याची आय कशापायी काढलीस? ती चौकीत बसलीवती का?"

आईनं ऐकलं तर नाही ना, म्हणून मी चुलीकडं बघितलं.

"फळा माजा हाय, त्याचा जवाब मी देईन," ती म्हणाली. "शिवी तुजी. तिचा जवाब मला न्हाई देता यायचा. तुजं नाव मी सांगणार न्हाई, तू सांगायचंस." आणि चालू लागली. पायात जुन्या काळ्या चपला, काखेत भाकरीचं फडकं.

ते तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पोस्टमन खाकी कपड्यात आला तरी मी दार लावून घ्यायचो. रस्त्यावर बुलेट वाजली की मी परसात. ग्रुपवर अवाक्षर नव्हतं. दीडशे माणसं एकदम मुकी झाली होती आणि त्या मुकेपणानं माझी जास्तच तंतरली होती, कारण त्यातल्या कुणाही एकानं नाव घेतलं की संपलं. चावडीपाशी एकानं नेहमीसारखी हाक मारली, "काय गार्डसाहेब?" मला वाटलं, हा मुद्दाम म्हणतोय. त्याच्या चेहऱ्याकडं बघायचं धाडस झालं नाही. पडताळणीचा कागद त्याच आठवड्यात निघणार होता. मी मनाशी हिशेब घालायचो, अजून चार दिवस कुणी बोललं नाही तर कागद जाईल, नोकरी हातात पडेल, मग बघू. आक्का काय, म्हातारी बाई, तिला काय करणार आहेत? असं स्वतःला सांगायचो आणि स्वतःचीच किळस यायची.

आक्काला ते काही करत नव्हते. नुसते बसवत होते. दहा ते पाच, त्याच बाकावर जिथं ललिताला बसवलं होतं. मधे केव्हातरी साहेब विचारायचे, हे तुम्हीच लिहिलं ना? ती म्हणायची, फळ्यावरचं माझं, खालचं माझं नाही. मग कुणाचं? ज्याचं त्यानं सांगावं. माफीचा कागद तयार होता, त्यावर सही करा आणि घरी जा. ती सही करत नव्हती. गिरण बंद होती. बाया शेजारच्या गावाला दळणाला जायला लागल्या, आणि आक्काचं नाव निघालं की डबा दुसऱ्या हातात घेऊन विषय बदलायच्या. गाव भ्यालं होतं. मी एकटाच भित्रा आहे असं मला आजवर वाटायचं, तसं नव्हतं.

तिसऱ्या सकाळी आई भाकरी थापत होती. ओळ माझी हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती आपली सहज बोलून गेली, "कुण्या मुडद्यानं लिवलंय ते, आन् भोगती शालनआक्का. मला तर नवल त्याच्या आयचं वाटतंय. काय वळण लावलं आसंल तिनं त्याला?"

भाकरी तव्यावर टाकली तिनं, पाण्याचा हात फिरवला. मी ताटावरून उठलो. ती विचारत होती, काय झालं रं, जेव की. मी पायांत चपला घातल्या त्यासुद्धा डावी-उजवीची अदलाबदल होऊन. ते चौकीच्या पायरीवर आल्यावर कळलं.

आत आक्का बाकावर बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि लगेच भिंतीकडं बघायला लागली. फौजदार साहेब टेबलापाशी. वय फार नव्हतं त्यांचं, चाळिशीच्या आत. मी जे बोलायचं ते वाटेत पन्नास वेळा घोकलं होतं, पण आयत्या वेळी एवढंच बाहेर आलं, "साहेब, ते खालचं माझं आहे."

वाटलं, आता कानाखाली बसणार. मी डोळेच मिटून घेतले. टेबलाचा खण उघडल्याचा आवाज आला. मग साहेबांनी टेबलावर एक कागद सरकवला. फोटो आणि त्याखालची माझी ओळ, दोन्हीची छापील प्रत. म्हणाले, "हे मला माझ्या बहिणीनं पाठवलं. मिरजेहून. विचारत होती, दादा, हे तुझ्या आईबद्दल म्हणजे आपल्याच आईबद्दल ना?" मला माराची भीती होती, तुरुंगाची होती, नोकरीची होती. पण त्या माणसाच्या आवाजाची तयारी माझी नव्हती. मी रडायला लागलो. माफी मागितली, तीही नीट मागता आली नाही.

माझा जबाब लिहून घेतला गेला. मग साहेब आक्काकडं वळले, म्हणाले, आता तुम्ही जा, फळा घेऊन जा, पण परत चौकीबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. आक्का उठली नाही.

"त्यानं माफी मागितली, ती त्यानं मागायलाच पायजे हुती," ती म्हणाली. "माज्या घरी आसता तर मी त्याला पायावर घातलं आसतं तुमच्या. आता माज्या फळ्याचं बोला. त्यात काय खोटं आसंल ते दाखवा, मी हितंच तुमच्या देखत पुसती आन् चुकले म्हणून लिवती."

फळा भिंतीला टेकवून ठेवलेला होता. तीन दिवसांत खडू थोडा झडला होता, तरी अक्षर वाचता येत होतं. साहेबांनी तिकडं बघितलं नाही.

"खोटं न्हाई तर मग लिवून घ्या," आक्का म्हणाली. "मी बसती. तीन दिस बसली, आजून बसती. ललिताला सांगावा धाडा."

तेव्हा माझं लक्ष तिच्या हाताकडं गेलं. बाकाखाली पदराचं टोक तिनं मुठीत गच्च धरलं होतं आणि ती मूठ अशी हलत होती, जशी चालू गिरणीच्या जोत्यावर ठेवलेली वाटी हलते. वर आवाज सरळ आणि खाली ही अशी मूठ. मला वाटायचं, या बाईला भीती म्हणजे काय ते ठाऊकच नाही. त्या दिवशी कळलं की ती माझ्याइतकीच भ्यालेली होती. शेवटी साहेबांनी हवालदाराला सांगून निरोप धाडला, आणि दुपारी दोनला ललिता आली. हवालदारानं तिची तक्रार लिहून घेतली, वाचून दाखवली. साहेब तेवढा वेळ बाहेर व्हरांड्यात उभे होते.

परत येताना फळा मी डोक्यावर घेतला. अर्ध्या वाटेत कालव्याच्या पुलावर आक्का बसली. म्हणाली, "तीन दिस पोटात नुसती गिरण चालूवती गड्या. अन्न खाली उतरत नव्हतं." मग पदरानं तोंड पुसून, "मला वाटलं तू येणार न्हाईस." मी विचारलं, नसतो आलो तर काय केलं असतं? ती म्हणाली, "म्हाईत न्हाई. चवथ्या दिशी मी तुजं नाव सांगितलं आसतं का न्हाई, देवाशप्पत मला म्हाईत न्हाई." ती खोटं सांगू शकली असती. मला बरं वाटावं म्हणून तरी.

माझ्या नावावर गुन्हा नोंदला गेला. वकिलांनी पुढं मला समजावून सांगितलं की पोलिसांच्या कामावर सही करून बोट ठेवायला कायद्याची हरकत नसते, आक्कानं लिहिलं त्याला कुठलंच कलम लागत नव्हतं; माझी ओळ वेगळी, ती काही बोलतच नव्हती, नुसती डिवचत होती. दोन वर्षांनी लेखी माफीवर साहेबांनी प्रकरण मिटवलं, तेही कोर्टात माझ्याकडं न बघता. तोवर पडताळणीचा कागद शेऱ्यासह गेला होता आणि वनरक्षकाच्या यादीत माझ्या जागी दुसऱ्याचं नाव लागलं होतं. मी कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये लागलो, अजून तिथंच आहे. आईनं मला बोल लावला नाही. पण त्या दिवशी चुलीपाशी ती कुणाबद्दल बोलून गेली ते तिला पुढं कळलं, आणि कितीतरी दिवस ती माझ्यासमोर शालनआक्काचं नाव काढायची नाही.

आक्का मात्र दुसऱ्याच दिवशी फळ्यावर होती. "आज लाईट आठ ते चार. तक्रार लिहून घेतली. शालन, गिरण." साहेबांचे आभार नाहीत, टोमणा नाही. मी सुट्टीला गावी गेलो की गिरणीवर जायचो. ती मला पिठाचा हात पुसून चहा द्यायची आणि कधी कधी खडू पुढं करायची, लिव एखादी ओळ. मी घ्यायचो नाही. मला भीती वाटायची आणि ती ते ओळखायची. म्हणायची, "भ्या वाटतंय ते बरंच हाय. भ्या ठिवून लिव. पर लिव."

गेल्या हिवाळ्यात आक्का गेली. पंधरा दिवस अंथरुणावर होती. त्यातही लाईटची वेळ सुनेला सांगून फळ्यावर लिहून घ्यायची. मी कुपवाडहून पोचलो तेव्हा माणसं स्मशानातून परतली होती. फळा कोरा होता. सुनेनं सवयीनं सकाळी पुसला होता आणि मग तिला लिहिता आलं नव्हतं.

तेराव्याला आक्काचा मुलगा विक्रमदादा, तोही सैन्यातून सुभेदार होऊन आलेला, मला म्हणाला, आईच्या हातचं अक्षर गिरणीत फ्रेम करून लावायचं आहे, तुझ्याकडं फळ्याचे फोटो असतील ना, तूच काढायचास. सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्याकडं एकही फोटो नव्हता. गावात शोधलं. कुणाचा फोन बदलला होता, कुणी फोन भरला म्हणून ग्रुपवरचं सगळं पुसलं होतं. रोज मी काढतोय म्हटल्यावर दुसऱ्या कुणी कधी काढलाच नव्हता. जी बाई वीस वर्षं रोज लिहीत होती तिच्या अक्षराची एकच प्रत या जगात उरली होती, आणि ती माझ्या कुपवाडच्या खोलीत, ट्रंकेच्या तळाशी, कोर्टाच्या नोटिशीला टाचून आलेली, चौकीतल्या त्या छापील कागदाची.

मी ती आणली. दादाच्या हातात दिली. त्यांनी वरचं सगळं वाचलं, कागद संपले असतील तर गिरणीतून न्यावेत इथं आल्यावर ते हसले, मग खाली गेले आणि त्यांचा चेहरा बदलला. मी म्हटलं, दादा, खालचा भाग कापून टाकू या. त्यांनी कागद परत वरपासून वाचला. मग म्हणाले, "न्हाई. आईनं कापलं नसतं."

त्यांनी कागद खालून चार बोटं मागं दुमडला, घडीवरून अंगठा फिरवला आणि तसाच फ्रेमवाल्याकडं दिला. आता तो गिरणीत पट्ट्याच्या वरच्या भिंतीला आहे. दळणाला आलेल्या बाया वर बघतात, आक्काची सही वाचतात, काही जणी हात जोडतात. मी गावी गेलो की फळ्यावर लाईटची वेळ आता मीच लिहितो, आणि जमेल तशी खाली एक ओळ. लिहून झालं की मान वर करून त्या काचेकडं बघतो. माझी ओळ तिथंच आहे, आक्काच्या सहीच्या मागं, दुमडलेली.